दुहेरी चालीची गाडी

परभणीहून मनमाडकडे जाणाऱ्या लोहमार्गावर पेडगांव नांवाचें एक लहानसें स्टेशन आहे. वेड पांघरून ज्या पेडगांवास जावें असें म्हणतात, तें भीमेकांठचें. परभणी जिल्ह्यांतील या पेडगांवास शहाण्या माणसालाहि जातां येतें, मात्र सडकेनें किंवा आगगाडीनें. या दोन वाटांची कोठेंहि गांठ पडते ती फाटकापाशीं, आणि एकीची गाडी जात असतां दुसरीनें थांबावें, एवढाच त्यांचा परस्परसंबंध.

नेमक्या अशाच जागीं एक निराळें वाहन आपलें काम सुरू करतें. दिसावयास तें साध्या मालमोटारीसारखें. सडकेनें येऊन तें फाटकांतील सपाट जागेवर रुळांच्या रेषेंत उभें राहतें. मग पुढेंमागें दडवलेलीं लहान पोलादी चाकें तेलाच्या दाबानें खालीं उतरतात. या चाकांना आंतल्या बाजूस कड असते, ती गाडीला रुळांवरून ढळूं देत नाहीं. कांहीं गाड्यांत रबरी चाकेंच रुळांवर टेकून गाडी ओढतात, पोलादी चाकें केवळ वाट दाखवितात. कोरड्या रुळावर रबराची पकड इतकी चांगली कीं, अशी गाडी मालाचे डबेहि ढकलूं शकते. पावसांत मात्र ब्रेकाचा भरंवसा जपून धरावा लागतो.

उतारूंसाठीं ही युक्ति इंग्लंडांत १९३२ सालीं करून पाहण्यांत आली. ब्लिसवर्थहून स्ट्रॅटफर्डपर्यंत रुळांवरून व पुढें हॉटेलच्या दारापर्यंत सडकेनें, अशी ती मोटार जाई. कल्पना मोहक, पण कांहीं महिन्यांतच ती सेवा बंद झाली. सडकेवर पोलादी चाकांचें ओझें आणि रुळांवर सडकेच्या सरंजामाचें ओझें दिवसभर वाहावयाचें, तेंहि घटकाभराच्या सोयीसाठीं, हा व्यवहार उतारूंच्या वाहतुकींत सहसा परवडत नाहीं. जपानांत शिकोकु बेटावर २५ डिसेंबर २०२१ पासून अशी बस धांवूं लागली; पण तो विरळ वस्तीचा किनारा, जेथें मोठी आगगाडी रिकामीच धांवली असती.

आपल्याकडे रूळ व सडक यांची सांगड दुसऱ्या रीतीनें घातली गेली. १९०१ पर्यंत मनमाड ते सिकंदराबाद हा मीटरगेज मार्ग पुरा झाला. पुढें १९३२ च्या जूनमध्यें निजामाच्या रेल्वेनेंच सत्तावीस बसगाड्या सुरू केल्या. धनी एक, वाहनें दोन. कोंकण रेल्वेनें तर १९९९ पासून भरलेले ट्रकच आगगाडीवर चढविले.

दुहेरी गाडीचें खरें क्षेत्र दुरुस्तीचें. गेल्या शतकाच्या अखेरच्या दशकांत परभणीचा मार्ग रुंद झाला. हजार मिलिमीटरांच्या जुन्या मार्गावर जड मालमोटारीचीं चाकें रुळांबाहेरच पडलीं असतीं. १६७६ मिलिमीटरांचें नवें अंतर तिच्या चाकांना पुष्कळसें जुळतें. आतां वर पंचवीस हजार व्होल्टांची तारहि आली आहे. ती तार दोन स्टेशनांमध्यें मध्यरात्रीं तुटली, तर दुरुस्तीची गाडी रुळांवरूनच यावयाची; आणि एकेरी मार्गावर तेथें तर अडलेली आगगाडी उभी! उतारूंना अंधारांत पाणी मिळत नाहीं, मागील गाड्या खोळंबतात. सडकेनें येणारें वाहन अडलेल्या गाडीस वळसा घालून पलीकडच्या फाटकावर रूळ धरूं शकतें. अर्थात् वाहतूक रीतसर बंद करून स्टेशनमास्तरांनीं परवानगी दिल्यावांचून तें चढूं नये. रबरी चाकांची गाडी रुळांतील विजेच्या खुणेस दिसेलच असें नसतें, आणि न दिसलेल्या गाडीवर मागून एक्सप्रेस आली तर काय होईल, हें सांगावयास नको.

येथेंच एक पेंच आहे. रुंद मार्गावरील पहारेकऱ्यावांचून असलेलीं फाटकें २०१९ च्या जानेवारीअखेर नाहींशीं करण्यांत आलीं, आणि राहिलेल्या फाटकांच्या जागींहि पूल व भुयारी वाटा होत आहेत. माणसें वांचतात, म्हणून तें योग्यच. पण फाटक गेलें कीं दुहेरी गाडीचा दरवाजाहि गेला. छत्रपती संभाजीनगर ते परभणी या १७७ किलोमीटरांच्या दुहेरीकरणास २०२५ च्या जुलैमध्यें मंजुरी मिळाली आहे. दुसरा रूळ घालतांना, सडक जेथें जवळ येते तेथें, रुळांच्या पातळीचा दहाबारा वारांचा फरसबंद तुकडा कुलूपबंद दारासह राखून ठेवला, तर त्यास फार खर्च येणार नाहीं. भराव घालून झाल्यावर मात्र तोच तुकडा महाग पडेल.