कपाटासमोरची खुर्ची

पत्रिकेवर विषय छापला होता ‘निसर्गविज्ञान संग्रहालये आणि संशोधन’. गडचांदूरच्या शारदीय व्याख्यानमालेत त्या संध्याकाळचं पुष्प गुंफायला आलेल्या मॅडम मूळच्या सिंदेवाहीकडच्या आणि उभी हयात भूगर्भशास्त्र शिकवण्यात घालवलेल्या. माइक हातात येताच त्यांनी विषय अर्धा करून टाकला. इमारती, काचेच्या पेट्या, उद्घाटनं यांवर त्या बोलणार नव्हत्या. संग्रहालयाच्या आतल्या खोलीत, कपाटासमोर एक खुर्ची असते. त्या खुर्चीत कोण बसतं आणि तिथे बसणाऱ्याचा चार-सहा महिन्यांचा खर्च कोण उचलतं, एवढंच त्यांना सांगायचं होतं. ही खुर्ची म्हणजे फेलोशिप. चंद्रपूर-गडचिरोलीत संग्रहालय उभारायचं असेल तर आधी फेलोशिप सुरू करा, इमारत मागाहून बांधा, असं त्यांचं ठाम मत. पुढे त्या कुठेही गेल्या, खानदेशात, बर्लिनला, स्टॉकहोमला, तरी फिरून याच मताशी येत राहिल्या.

डायनासोर म्हणजे काय, दख्खनचा लाव्हा कधी वाहिला, गोंडवन खंड कसा फुटला, हे सगळं त्यांनी ‘तुमच्या मुलांना पाठ आहे’ म्हणून बाजूला सारलं. दोन-चार चेहऱ्यांवर ते पाठ नसल्याचं दिसत होतं, पण गाडी थांबली नाही. थेट पिसदुऱ्याला पोचली.

वरोरा तालुक्यातलं पिसदुरा सभागृहातल्या बहुतेकांच्या ऐकण्यातलं होतं. तिथल्या शेतांत नांगराबरोबर जे दगड वर येतात त्यांत डायनासोरांची हाडं आहेत, कासवं आहेत आणि मोठ्या संख्येनं विष्ठेचे जीवाश्मही आहेत. शेणाचा दगड म्हटल्यावर मागच्या रांगांतल्या पोरांमध्ये हसू फुटलं. मॅडमनी ते हसू ओसरू दिलं आणि मग सांगितलं, की जगभरच्या पाठ्यपुस्तकांतलं एक पान याच शेणानं बदललं.

लखनौच्या बिरबल साहनी संस्थेतल्या वंदना प्रसाद यांनी पिसदुऱ्याचे हे दगड तपासायला घेतले. दगडाचा अंश आम्लात विरघळवायचा, उरलेला गाळ सूक्ष्मदर्शकाखाली धरायचा. त्या गाळात त्यांना सिलिकाचे सूक्ष्म कण दिसले. हे कण वनस्पतीच्या पेशींत तयार होतात आणि अनेक कुळांच्या कणांचे आकार निराळे असतात. इथे मॅडमनी कागद बाजूला ठेवला. लहानपणी बांधीत धान कापताना पात्याची कड बोटावरून सर्रकन फिरते, रक्त येत नाही पण संध्याकाळी हात धुताना चुणचुण होते, तो अनुभव त्यांनी हातवारे करून दाखवला. पुढच्या रांगेतल्या दोन बायांनी मान हलवली. ती धार सिलिकाची. जनावर गवत खातं, गवत पचून जातं, सिलिका मात्र शेणात उतरते आणि शेणाचा दगड झाला तरी टिकते.

पण कण दिसला म्हणजे ओळखला असं होत नाही. आजच्या गवतांच्या कणांशी तो एकेक करून ताडून पाहावा लागतो, आणि असं ताडून पाहणारी माणसं जगात मोजकी. त्यांतल्या एक कॅरोलिन स्ट्रॉमबर्ग. त्या वेळी त्या स्टॉकहोमच्या स्वीडिश निसर्गविज्ञान संग्रहालयात संशोधन करत होत्या. प्रसाद, स्ट्रॉमबर्ग, हबीब अलिमोहम्मदियान आणि अशोक साहनी या चौघांचा निबंध २००५ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात आला. निष्कर्ष असा, की सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी, डायनासोर हयात असतानाच, गवताच्या निदान पाच शाखा वेगळ्या झाल्या होत्या आणि त्यांत भाताच्या आणि बांबूच्या नात्यातली गवतंही होती. तोवर गवत डायनासोरांनंतरचं मानलं जाई, आणि चित्रांतले डायनासोर गवत नसलेल्या रानात हिंडत. आधीची मांडणी मोडायला वरोऱ्याच्या शेतातला दगड पुरला, कारण त्याच्यासमोर वर्षानुवर्षं बसायला कुणाला तरी पगार मिळत होता.

धान आणि बांबू ही नावं ऐकून सभागृह जागं झालं. ज्या दोन पिकांवर पूर्वेकडच्या कितीतरी गावांची चूल चालते, त्यांच्या प्राचीन नातलगांचा पुरावा याच जिल्ह्यात सापडावा, याचा आनंद मॅडमच्या आवाजात लपत नव्हता. तो लपवण्याचं कारणही नव्हतं.

याच सुमारास सिमेंट कंपनीत नोकरीला असलेल्या एका श्रोत्यानं मध्येच विचारलं, “मॅडम, आपल्या इथल्या चुनखडीत भेटते का डायनासोर?” नाही भेटत. गडचांदूर परिसरातली चुनखडी पैनगंगा समूहातली, डायनासोरच काय, हाडं असलेला कुठलाही प्राणी जन्मण्याच्या फार आधीची. तेव्हा कंपनीनं डायनासोर भट्टीत घातले अशी शंका कुणी घेऊ नये, असं त्या म्हणाल्या. हशा झाला आणि विचारणारा सगळ्यात मोठ्यानं हसला.

नंतर डोंगरगावची पाळी आली. वरोऱ्याकडच्याच डोंगरगावच्या टेकडीत १९८० च्या दशकात सोहनलाल जैन यांनी एका अवाढव्य डायनासोरचा सांगाडा खणून काढला. जैन कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेचे. आकडेवारीच्या संस्थेत हाडांचं काय काम, असा प्रश्न पडतो. पण प्रशांतचंद्र महालनोबिस यांनी तिथे भूगर्भशास्त्राचा विभाग उभा केला होता आणि १९५७ मध्ये पामेला रॉबिन्सन या जीवाश्मतज्ज्ञ बाईंना लंडनहून बोलावून घेतलं होतं. त्यातून प्राणहिता-गोदावरीच्या खोऱ्यात बारापासॉरस हा डायनासोर सापडला, आणि पुढे डोंगरगावचा हा प्राणी. १९९७ मध्ये जैन आणि शाश्वती बंद्योपाध्याय यांनी त्याला टायटॅनोसॉरस कोलबर्टी नाव दिलं. २००३ मध्ये विल्सन आणि अपचर्च या अभ्यासकांनी त्याची प्रजाती वेगळी ठरवली. आज तो आयसीसॉरस कोलबर्टी. पहिला शब्द सांख्यिकी संस्थेच्या आद्याक्षरांवरून, दुसरा न्यूयॉर्कच्या अमेरिकन म्युझियम ऑफ नॅचरल हिस्टरीतल्या एडविन कोलबर्ट यांच्यावरून. त्या सांगाड्यासोबत कवटी मात्र सापडली नाही.

एक म्हातारा शेतकरी उठला. “मंग तो आमच्या इथला होता त कलकत्त्याले काऊन नेला?” टाळ्या पडल्या, आणि व्याख्यानाचा सूर बदलला.

मॅडम त्या टाळ्यांत सामील झाल्या नाहीत. थोड्या तडकल्याच. नेणारे चोर नव्हते, असं त्यांनी दोनदा सांगितलं. नेताना त्यांनी प्रत्येक हाडाला चिठ्ठी लावली, गावाचं नाव लिहिलं, तारीख घातली, नकाशावर टेकडी दाखवली. ती चिठ्ठी आहे म्हणून डोंगरगाव आज जगाला ठाऊक आहे. हाड इथेच राहिलं असतं तर कुणाच्या ओट्याला पायरी झालं असतं. सभागृहाला हे रुचलं नाही. कुजबुज वाढली. तेव्हा त्यांनी आपला मुद्दा पुढे रेटला: हाड परत आणून कुलूपबंद खोलीत ठेवलं तर ते कोलकात्याहूनही दूर गेलं समजा. मागायचंच असेल तर त्या हाडासमोर दोन महिने बसायची संधी मागा. पिसदुऱ्याच्या निबंधात लखनौ आहे, स्टॉकहोम आहे. पिसदुऱ्याच्या शाळेत शिकलेलं माणूस त्यात नाही, आणि दुःख याचं करायला हवं.

हे बोलणं कडू होतं, पण खरं होतं. दगड परत आणा ही मागणी सोपी, तिच्यासाठी मोर्चा निघतो. पोराला कोलकात्याला पाठवण्यासाठी मोर्चा निघालेला कुणी पाहिलेला नाही.

स्टीफन हिस्लॉपचं नाव यायलाच हवं होतं. नागपूरचं कॉलेज ज्यांच्या नावानं आहे ते हे पाद्री १८४५ मध्ये नागपुरात आले. सहकारी रॉबर्ट हंटर यांच्यासोबत त्यांनी वैदर्भीय मातीतले जीवाश्म गोळा केले. नागपूरच्या दक्षिणेला असलेल्या मांगलीची एक चपटी कवटी लंडनला गेली आणि रिचर्ड ओवेन यांनी तिचं वर्णन करून त्या उभयचर प्राण्याला ब्रॅकिऑप्स हे नाव दिलं. गोंडांच्या लिंगोची गाथाही हिस्लॉप यांनीच लिहून घेतली होती. १८६३ मध्ये टाकळघाटची शिळावर्तुळं पाहून परतताना ते पुरात बुडाले. गाथा त्यांच्या मागे १८६६ मध्ये रिचर्ड टेंपल यांनी छापली. नागपूरचं संग्रहालय, म्हणजे अजबबंगला, तेही १८६३ चंच. पोटाला नोकरी मिशनची, अभ्यास उरल्या वेळात, ही हिस्लॉप यांची तऱ्हा मॅडमना आदराची वाटते. पण दीडशे वर्षांनंतरही आपण उरल्या वेळावरच भागवावं हे त्यांना मान्य नाही.

खरं तर इथून त्यांना शिष्यवृत्त्यांच्या नियमांकडे वळायचं होतं. पण वन पिंगळ्याचं नाव निघालं, आणि ती गोष्ट वीस मिनिटं चालली. एकानंही घड्याळ पाहिलं नाही.

वन पिंगळा हे छोटं घुबड. पक्षितज्ज्ञ ह्यूम यांनी १८७३ मध्ये त्याचं वर्णन केलं, नमुना आजच्या छत्तीसगडातल्या फुलझरचा. नंतर खानदेशात अधिकारी असलेल्या जेम्स डेव्हिडसन यांनी काही नमुने गोळा केले. १८८४ नंतर पक्षी गायब. फक्त कर्नल रिचर्ड माइनर्ट्‌झहागेन यांच्या संग्रहात एक नमुना होता आणि त्याच्या चिठ्ठीवर लिहिलं होतं: मांडवी, गुजरात, १९१४. या चिठ्ठीवर विसंबून शोधणाऱ्यांनी चुकीच्या रानात वेळ घालवला. वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयात डिलन रिप्ले यांच्या पक्षिग्रंथाचं काम करणाऱ्या पामेला रासमुसेन यांनी मात्र रानात जाण्याआधी कपाटं उघडली. जगभरच्या संग्रहालयांत मिळून या पक्ष्याची जेमतेम सात कातडी. त्यांनी कातड्यांचे क्ष-किरण फोटो काढून घेतले, आत कापूस कसा भरलाय, टाके कसे घातलेत ते पाहिलं. प्रत्येक संग्राहकाचा हात वेगळा असतो. कर्नलच्या नमुन्यात डेव्हिडसनचा हात उमटला होता! लंडनच्या संग्रहालयातून उचललेला डेव्हिडसनचाच पक्षी, उसवून पुन्हा भरलेला, खोटी चिठ्ठी लावलेला.

मांडवी खोटी ठरली, तेव्हा उरल्या खऱ्या चिठ्ठ्यांवरची गावं. रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड अ‍ॅबट ती गावं धरून निघाले. आधी छत्तीसगडाकडे, तिथे काही नाही. मग खानदेश. नोव्हेंबर १९९७ मध्ये शहाद्याजवळ, सातपुड्याच्या पायथ्याशी, भरदिवसा एका निष्पर्ण झाडावर वन पिंगळा बसलेला दिसला. ११३ वर्षांनी. पुढे मेळघाटात, यावलला, ठाण्याच्या तानसा अभयारण्यातही तो सापडला. मॅडमनी विचारलं, की हा शोध शहाद्यात लागला की संग्रहालयाच्या खोलीत? मुलांकडून दोन्ही उत्तरं आली आणि दोन्ही त्यांनी मान्य केली.

इतक्यात संयोजकांची चिठ्ठी आली. दहा मिनिटं उरली होती, आणि पक्षितज्ज्ञ सलीम अली अजून यायचे होते.

ते घाईत आले. विद्यापीठाची पदवी नसल्यानं सलीम अलींना सरकारी प्राणिसर्वेक्षणात जागा मिळाली नाही. मुंबईच्या प्रिन्स ऑफ वेल्स संग्रहालयात १९२६ मध्ये गाइड-व्याख्याता म्हणून ते लागले, मग रजा घेऊन बर्लिनच्या प्राणिशास्त्र संग्रहालयात एर्विन स्ट्रेझमान यांच्याकडे शिकले. १९३० मध्ये परतले तेव्हा मुंबईची ती जागा पैशाअभावी रद्द झालेली. तेव्हा त्यांनी संस्थानांना लिहिलं: खर्च द्या, मेहनताना नको, तुमच्या राज्यातले पक्षी मोजून देतो. हैदराबादच्या निजामानं होकार दिला आणि १९३१-३२ मध्ये ते सर्वेक्षण झालं. “तेव्हा राजुरा, म्हणजे तुमचं हे गडचांदूर, कोणाच्या राज्यात होतं?” अनेकांनी एकदम उत्तर दिलं: निजामाच्या. राजुरा तालुका चांदा जिल्ह्यात आला तो १९५९ मध्ये. खर्चापुरता पैसा आणि मोकळा वेळ, सलीम अलींना याहून जास्त मिळालं नाही. नंतर आपल्या गेटी पुरस्काराच्या रकमेतून त्यांनी बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत (बीएनएचएस) निसर्गसंवर्धनासाठी निधी उभारला. त्याच बीएनएचएसच्या १८८३ सालच्या आठ संस्थापकांत डॉ. आत्माराम पांडुरंग आणि डॉ. सखाराम अर्जुन हे दोघे आपले होते, एवढं सांगून पान उलटलं.

शिष्यवृत्त्यांची मग नुसती नावं घेऊन झाली: न्यूयॉर्कचं संग्रहालय बाहेरच्या विद्यार्थ्यांना थोड्या दिवसांसाठी संग्रह पाहायला अनुदान देतं, स्मिथसोनियन पदव्युत्तर विद्यार्थ्यांपासून पीएचडी झालेल्यांपर्यंत फेलोशिप देतं, लखनौच्या संस्थेत बिरबल साहनींच्या नावानं संशोधन-शिष्यवृत्ती आहे. तपशिलाला वेळ नव्हता. सिरोंच्याच्या वडधम जीवाश्म उद्यानाचा भाग तर पूर्ण गळाला, ही मोठी हानी.

एका शिक्षकांनी शंका काढली: मराठी माध्यमाची पोरं कोलकात्यात टिकतील का? मॅडमनी उत्तर दिलं, की इंग्रजी निबंध वाचायची सवय त्या खुर्चीत बसूनच लागते, आधी नव्हे. शिवाय पहिल्या फेलोला काम काय द्यायचं हे त्यांचं ठरलेलं होतं. चंद्रपूर-गडचिरोलीचं जे जे बाहेर आहे त्याची मराठी यादी करायची: नमुन्याचा क्रमांक, गाव, साल, कुणी नेलं, आज कुठल्या कपाटात. सुरुवात पिसदुरा, डोंगरगाव आणि सिरोंच्याजवळच्या कोटा गावापासून. कोट्याचे जीवाश्म मासे तर १८५१ च्या आसपासच लंडनच्या अभ्यासकांपर्यंत पोचले होते. खर्च प्रवासाचा, खाणावळीचा आणि झेरॉक्सचा. अट एकच, परत येऊन याच सभागृहात मराठीतून हिशेब द्यायचा.

आभारप्रदर्शन दोन मिनिटांत उरकलं. अध्यक्षांनी फेलोशिपची रक्कम ठरवायला दिवाळीनंतर बैठक बोलावल्याचं जाहीर केलं आणि शाळा-महाविद्यालयांच्या विज्ञान शिक्षकांना तिथे येताना मुलांची नावं घेऊन यायला सांगितलं.