शून्य बिलातला हिशेब



जुलै २०२३ पासून कर्नाटकात 'गृहज्योती' सुरू झाली. २०० युनिटपर्यंत वीज फुकट, असं सगळे म्हणतात. पण नियम तेवढा सरळ नाही. २०२२-२३ मध्ये तुमच्या घरी महिन्याला सरासरी जेवढी वीज लागली, त्यावर साधारणपणे १० टक्के जास्त, एवढीच मोफत. ६० युनिटवाल्याला ६६, १५० वाल्याला १६५. म्हणजे ज्याच्या घरात वस्तू कमी, त्याला मदतही कमी!

आता पंख्याचं बघा. ७५ वॅटचा जुना पंखा रोज १२ तास फिरला की महिन्याला २७ युनिट जातात. ३० वॅटच्या बीएलडीसी पंख्याला ११ पुरतात. पण तो महाग. रोजंदारीवरच्या घरानं कसा घ्यायचा?

मी राज्यशास्त्राचा विद्यार्थी म्हणून एवढंच म्हणतो: बिलाची सवलत दर महिन्याला द्यावी लागते, चांगला पंखा एकदा दिला की वर्षानुवर्षं वीज वाचवतो. 'उजाला'त २०१५ पासून एलईडी बल्ब स्वस्तात मिळाले. मग पंख्याला अनुदान का नको? ही मागणी आपण लावून धरूया.

तोवर एक काम करा. बिलावरची कन्नड सगळ्यांना वाचता येत नाही. गल्लीतल्या आजीला तिचे मोफत युनिट किती, ते वाचून सांगा. २०० ओलांडले तर अख्खं बिल भरावं लागतं, हेही सांगा.