स्वागताध्यक्षांचं भाषण

संमेलनाध्यक्ष महोदय, देशोदेशींहून आलेले अभियंते आणि माझ्या नवी मुंबईकर बंधु-भगिनींनो,

जलविद्युत केंद्रांचं शाश्वत आधुनिकीकरण आणि त्यासाठीचं आंतरराष्ट्रीय सहकार्य हा विषय घेऊन आपण आमच्या दारी आलात. आपलं मनःपूर्वक स्वागत!

या परिसरात पूर्वी भातशेती होती, मिठागरं होती, खाजणं होती. १७ मार्च १९७० ला सिडको स्थापन झाली, ९५ गावांच्या जमिनी संपादनात आल्या आणि हे शहर उभं राहिलं. इथले रस्ते-इमारती पाहुण्यांना कुणीही दाखवील. मला सांगायचंय ते जासईच्या दि. बा. पाटलांविषयी. शेतकऱ्याघरचा हा मुलगा वकील झाला, पनवेलमधून पाचदा आमदार आणि पुढे दोनदा खासदार झाला. जमिनीला योग्य मोल मिळावं म्हणून दिबांनी आगरी-कोळ्यांना रस्त्यावर उतरवलं. १६ आणि १७ जानेवारी १९८४ ला जासई-दास्तान फाटा परिसरात गोळीबार झाला, पाच जण हुतात्मा झाले. त्या रक्तातून साडेबारा टक्के विकसित भूखंडाचा हक्क आला. इथल्या विमानतळाच्या नामकरणामुळे दिबांचं नाव आज सगळ्यांच्या तोंडी आहे, पण त्या पाच जणांची नावं किती मुलांना ठाऊक आहेत? आमच्या प्रत्येक शाळेत ती शिकवली गेली पाहिजेत. स्वागताचं भाषण असलं तरी हे बोलल्याशिवाय मला राहवत नाही.

पाहुणे विचारतील, याचा विजेशी काय संबंध? संबंध जमिनीचा आहे. मुळशीच्या धरणात गावं जाणार म्हणून १९२१ मध्ये सत्याग्रह झाला, सेनापती बापट त्यात उतरले. तरी धरण झालंच, आणि त्याच्या पाण्यावर १९२७ पासून भिऱ्याचं केंद्र चालतंय. त्याआधी १९१५ ला खोपोली, १९२२ ला भिवपुरी. खोपोलीसाठी पाण्याची चाकं स्वित्झर्लंडहून आली, मोठे नळ जर्मनीहून, जनित्रं अमेरिकेहून. म्हणजे आपल्यासारखे परदेशी पाहुणे खोपोलीच्या घाटाला नवे नाहीत! खोपोलीत वीज देऊन झालेलं पाणी पाताळगंगेला मिळतं आणि पनवेल-उरणकडची तहान भागवतं. जुन्या केंद्रात नवी टर्बाइनं बसवून त्याच पाण्यातून जास्त वीज निघाली, तर तेवढ्यासाठी नवं गाव बुडवावं लागणार नाही. ज्यांच्या जमिनी गेल्या, त्या आम्हाला याचं मोल विचारा.

आता व्यवस्थेबद्दल. निवास एका ठिकाणी होऊ शकला नाही, कुणी नेरुळला, कुणी खारघरला. सकाळच्या गर्दीत काही पाहुण्यांना पोहोचायला उशीर झाला, त्यांची मी हात जोडून क्षमा मागतो. भाषांतराची श्रवणयंत्रं थोडी कमी पडलीत, दुपारपर्यंत आणखी येतील. जेवणात तांदळाची भाकरी आणि जिताड्याचं कालवण आहे, शाकाहारींची पंगत वेगळी मांडली आहे. जे अपुरं वाटेल ते कार्यकर्त्यांना मोकळेपणाने सांगा.

देणगीदारांचे आभार किती मानू! वाशीच्या बाजारातल्या फळव्यापाऱ्यांनी फळं पाठवली, बचतगटाच्या भगिनींनी पहाटेपासून भाकऱ्या थापल्या, गावच्या मंडळाने मंडप विनामूल्य दिला. महाविद्यालयीन मुलं रात्रभर खुर्च्या मांडत होती. ज्यांनी नाव न छापण्याच्या अटीवर मोठी रक्कम दिली, त्यांना इथूनच नमस्कार करतो.

उद्या खोपोलीला जाणाऱ्या बसगाड्या सकाळी सात वाजता इथूनच सुटतील. नाव नोंदवायचं राहिलं असेल त्यांनी चहाच्या वेळी नोंदवून घ्यावं. संमेलनाध्यक्षांना आसन ग्रहण करण्याची विनंती करतो.

जय हिंद, जय महाराष्ट्र!