पाठीशी उभे राहा, पुढे नको
(संस्थेच्या वार्षिक मेळाव्यात पालक व विद्यार्थ्यांपुढे केलेले भाषण)



अशा मेळाव्यात निकाल, प्रवेश आणि शिष्यवृत्त्या यांविषयी बोलण्याची प्रथा आहे. मी मात्र त्यापुढच्या पायरीविषयी बोलणार आहे. मूल शिकले, परगावी नोकरी लागली. आता त्याने राहायचे कुठे? हा धडा कोणत्याही पाठ्यपुस्तकात नाही. आणि केवळ या एका प्रश्नापायी हाती आलेली नोकरी सोडून दिल्याची उदाहरणे आपल्यापैकी प्रत्येकाच्या माहितीत असतील. त्यांत मुलींचीच उदाहरणे अधिक आहेत.

आपल्या वाडवडिलांपुढे हा प्रश्न वेगळ्या रूपात होता. कोकणातला माणूस मुंबईस गेला की ट्रंक आणि वळकटी घेऊन गावाच्या खोलीवर उतरे. गिरणगावात गावकऱ्यांच्या अशाच खोल्या होत्या, गोवेकरांचे ‘कूड’ होते. भाडे सर्वांनी मिळून भरायचे, खोलीचे नियम पाळायचे, आजारी पडला तर गावचाच माणूस दवाखान्यात न्यायचा. ही फार मोलाची व्यवस्था होती. पण ती पुरुषांची होती. नोकरीसाठी गेलेल्या मुलीला तिच्यात जागा नव्हती. शिवाय आता नोकऱ्या पुण्यात हिंजवडी-खराडीला आहेत, नवी मुंबईत आहेत. गावाची खोली तिथे कुठून येणार?

मग आपण काय करतो? एक तर मुलाला नातेवाइकाच्या घरी ठेवतो. पहिले काही आठवडे हे योग्यच आहे. पण दोन खोल्यांच्या घरात एक माणूस वर्षभर वाढला की पाहुण्यालाही संकोच होतो आणि यजमानालाही, आणि एका जागेच्या प्रश्नावरून जन्माची नाती आंबतात. नाही तर वडील किंवा मामू स्वतः जाऊन खोली ठरवतात, पैसे भरतात, कराराच्या कागदावर मुलाला फक्त सही करायला लावतात. पुढे नळ गळला तरी मूल घरमालकाशी न बोलता गावी फोन करते. माझे म्हणणे एवढेच आहे की या कामात वडीलधाऱ्यांनी मुलाच्या पाठीशी उभे राहावे, पुढे उभे राहू नये.

माझ्या भाचीला पुण्यात एका प्रयोगशाळेत नोकरी लागली, तेव्हा आम्ही हेच ठरवले. प्रथम तिला पगाराचा कागद घेऊन हिशेब मांडायला बसवले. भाडे हातात येणाऱ्या पगाराच्या एक तृतीयांशाहून अधिक नसावे, हा साधा नियम. पण भाडे म्हणजे सर्व खर्च नव्हे. अनामत रक्कम, दलालाची दलाली, गादी, बादली, भांडी, गॅस, वीजबिल आणि जाण्यायेण्याचा खर्च हे सारे लिहून काढले, तेव्हा एकटीने घर घेण्याचा विचार तिने स्वतःच सोडला आणि सोबतीच्या दोन मुलींबरोबर घर पाहण्याचे ठरवले. हा निर्णय आम्ही सांगितला असता तर तिला तो बंधन वाटला असता. हिशेबाने सांगितला म्हणून पटला.

फोन तिनेच करायचे, असे ठरले होते. दोन ठिकाणी बोलणे अगदी व्यवस्थित झाले. नाव विचारले गेले आणि लगेच “जागा कालच गेली” असे उत्तर मिळाले. मुलगी गप्प झाली. बंधू-भगिनींनो, हा विषय टाळून चालणार नाही. डॉ. सुखदेव थोरात आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दिल्ली परिसरात भाड्याच्या घरांविषयी केलेला अभ्यास २०१५ साली प्रसिद्ध झाला. भाड्याने घर मिळताना जात आणि धर्म आड येतात, हे त्यात दाखवून दिले आहे. तेव्हा “तुझेच काही चुकले असेल” असे मुलाला म्हणू नका. त्याचबरोबर “सगळे असेच” ही कडू शिकवणही देऊ नका, कारण ती खरी नाही. आम्ही तिला सांगितले की नाव पहिल्याच वाक्यात सांग. ज्याला नको असेल त्याच्यामागे तुझी रजा वाया जायला नको. आणि कार्यालयातल्या लोकांना विचार. अखेर जागा मिळाली ती तिच्याबरोबर काम करणाऱ्या एका बाईंच्या शब्दावर. कोंढव्यातही आमच्या ओळखीचे घर होते, पण तिथून तिची प्रयोगशाळा फार लांब पडत होती. आपल्या वस्तीत राहणे गैर नाही. मात्र ती निवड सोयीने व्हावी, केवळ भीतीने होऊ नये.

जागा पाहायला मी तिच्याबरोबर गेलो, पण प्रश्न तिने विचारले. पाणी किती वाजता येते? भिंतीला ओल आहे का? दाराची कडी आतून नीट लागते का? रात्री पाळी संपल्यावर बसथांब्यापासून दारापर्यंत दिवे आहेत का? वीजमीटरचा आकडा किती? त्या आकड्याचे आणि आधीच पडलेल्या प्रत्येक भेगेचे छायाचित्र पहिल्याच दिवशी काढून घरमालकांना पाठवले, म्हणजे अनामत परत घेताना वाद नको.

आता कराराविषयी. आपल्याकडे समजूत अशी की अकरा महिन्यांचा मजकूर मुद्रांकावर लिहून नोटरीचा शिक्का घेतला की झाले. या समजुतीचे मूळ १९०८ च्या नोंदणी कायद्यात आहे, कारण त्यानुसार एक वर्षाहून अधिक मुदतीचा भाडेपट्टा नोंदवणे आवश्यक असते. परंतु महाराष्ट्रात १९९९ चा भाडे नियंत्रण कायदा ३१ मार्च २००० पासून लागू आहे. त्याच्या ५५ व्या कलमानुसार ‘लीव्ह अँड लायसन्स’ करार कितीही महिन्यांचा असो, तो लेखी आणि नोंदणीकृत असलाच पाहिजे. नोंदणीची जबाबदारी घरमालकाची आहे. नोंदणी केली नसेल आणि वाद झाला, तर उलट सिद्ध होईपर्यंत अटींबाबत राहणाऱ्याचे म्हणणे ग्राह्य धरले जाते. खर्चही फार नाही. समजा भाडे ८,००० रुपये, अनामत ३०,००० रुपये आणि मुदत अकरा महिने आहे. मुद्रांक शुल्क पाव टक्का, म्हणजे सुमारे सव्वादोनशे रुपये होते. शहरात नोंदणी फी १,००० रुपये. याच नोंदवलेल्या कराराचा पुढे पत्त्याचा पुरावा म्हणूनही उपयोग होतो.

मुलाने करार सहीपूर्वी घरी आणून स्वतः मोठ्याने वाचावा आणि आपण ऐकावा. किती दिवसांची नोटीस? मध्येच सोडता येणार नाही अशी मुदत आहे का? रंगाचे पैसे कोणी द्यायचे? अनामत कोणत्या दिवशी परत? आणि आपल्या बाजूचे कर्तव्यही शिकवा. मुदत संपल्यावर जागा न सोडल्यास कायद्याने भाड्याच्या दुप्पट भरपाई द्यावी लागते. भाडे ठरल्या तारखेला, शक्यतो बँकेतून द्यावे. सूरह बकरामधील २८२ वी आयत उधारीचा व्यवहार साक्षीदारांसमोर लिहून ठेवण्याविषयी आहे, हे आपण सर्व जाणतो. लिहून घेण्याने विश्वास कमी होत नाही, तो टिकतो.

पालकांना एक गोष्ट कळकळीने सांगतो. मुलीला वेगळी खोली घेऊन दिली म्हणजे तिला घराबाहेर काढले असे नव्हे. तिला रोज फोन करा, पण हजेरी घेण्यासाठी नको. महिन्याकाठी एखादा रविवार जाऊन तिच्या हातचा चहा प्या. माझी बहीण पहिल्यांदा गेली तेव्हा भाचीने भाड्याच्या पावत्यांची फाईल तिच्यापुढे ठेवली. बहीण जेमतेम चौथी शिकलेली, तिने एकेक कागद उलटून पाहिला आणि म्हणाली, “यावर सगळीकडे तुझंच नाव आहे.”

विद्यार्थी मित्रांनो, मदत मागण्यात कमीपणा नाही. पण मदतीचा हिशेब ठेवा. अनामतीसाठी चाचांनी पैसे दिले असतील तर हप्ते बांधून परत करा. तेच पैसे धाकट्या भावंडाच्या उपयोगी येतील.

शेवटी संस्थेला एक विनंती. आपले माजी विद्यार्थी पुण्यात, ठाण्यात, नवी मुंबईत राहतात. त्यांची एक नोंदवही कार्यालयात ठेवावी. नव्या मुलाला पहिले दोन आठवडे कोण आसरा देईल, कोणत्या भागात पाण्याचे हाल आहेत, कोण सोबत येऊन जागा पाहील, एवढे तिच्यात असले तरी पुरे. गावाची खोली आज बांधता येणार नाही. तिच्यामागची आपुलकी मात्र एका नोंदवहीतही राहू शकेल.