पडल्यालं बघायला ती असू दे



माझे छापील अध्यक्षीय भाषण तुमच्या हातात आहे. मराठी शाळा, ग्रंथालयांचे अनुदान, बोलींचे कोश, सगळे त्यात सविस्तर लिहिले आहे. ते घरी वाचा. हा माईक पुन्हा माझ्या हाती कोणी देणार नाही, म्हणून अकरा वर्षे पोटात ठेवलेले आज बोलतो.

अकरा वर्षांपूर्वी या भागातले एक मोठे नेते वारले. त्यांच्याविरुद्ध मी वीस वर्षे लिहिले, त्यांच्या धरणाच्या घोषणांवर लिहिले, त्यांच्या साखरेच्या राजकारणावर लिहिले. एकही शब्द आजही मागे घेत नाही. ते रुग्णालयात होते तेव्हा आपल्यातल्या काहींनी जे लिहिले ते तुम्हाला आठवत असेल. 'देव आहे.' 'विकेट पडणार.' ते गेले त्या दिवशी 'घाण गेली' असा मजकूर फिरला, आणि तो लिहिणारा गल्लीतला रिकामटेकडा पोरगा नव्हता, आपल्यातलाच कवी होता. मी त्यांच्यावर मृत्युलेख लिहिला. त्यात त्यांची पापे होती आणि त्यांनी दुष्काळात उभ्या केलेल्या छावण्याही होत्या. आपल्याच एका नियतकालिकाने तो आधी स्वीकारला आणि मग परत पाठवला, सोबत एका ओळीची चिठ्ठी: आपली भूमिका संशयास्पद वाटते.

तेव्हापासून कार्यकारिणीच्या तीन निवडणुकांत माझे नाव यादीतून गेले. परिसंवादांत मला बोलावले नाही. दोन वर्षांपूर्वी याच संमेलनाच्या ग्रंथप्रदर्शनात माझी पुस्तके गाळ्याच्या मागच्या फळीवर, खोक्यांच्या आड होती. मी स्वतः जाऊन पाहिले आहे. हे क्षुल्लक आहे असे कोणाला वाटत असेल तर वाटो. मला ते क्षुल्लक वाटत नाही. मेलेल्या माणसाबद्दल चार न्यायाचे शब्द लिहिले एवढ्यासाठी लेखकाला वाळीत टाकणारी संस्था साहित्याची म्हणवते, याचा मला संताप आहे. आणि 'घाण गेली' लिहिणारे ते सद्गृहस्थ पुढे त्याच नेत्याच्या नावाच्या पुरस्काराच्या निवड समितीवर बसले. नाव घेत नाही. पहिल्या तीन रांगांत आहेत.

आता तुम्ही म्हणाल, शत्रूबद्दल वाईट चिंतायचेही नाही का? चिंता. त्याचा पराभव चिंता, अनामत जप्त होवो म्हणा, चौकशी लागो, न्यायालयात उभा राहो, त्याची खुर्ची जावो म्हणा. मरण चिंतू नका. हा फरक मला पुस्तकात मिळालेला नाही, तो माझ्या आईने शिकवला.

आम्ही वाळवा तालुक्यातले. 1975 साली आणीबाणीत माझे वडील मिसाखाली येरवड्याच्या तुरुंगात गेले. मी एकोणीस वर्षांचा होतो, धाकटी बहीण शाळेत. पगार बंद. आईने देव पाण्यात ठेवले. बाळकृष्ण, अन्नपूर्णा, खंडोबाचा टाक, सगळे तांब्याच्या तपेल्यात. रोज पाणी बदलायचे, देव बाहेर काढायचे नाहीत. शेजारची बाई एकदा इंदिरा गांधींबद्दल म्हणाली, ती बाई मेली तर सुटतील की तुमचे मालक. आई भाकरी थापत होती. थापता थापता म्हणाली, "मरायला कशाला पायजे? पडू दे. पडल्यालं बघायला ती असू दे."

त्याच वर्षी डिसेंबरात कराडला साहित्य संमेलन भरले. मी सायकलवरून गेलो होतो, मांडवाच्या कडेला सतरंजीच्या शेवटी बसलो होतो. स्वागताध्यक्ष होते यशवंतराव चव्हाण, त्या वेळचे केंद्रीय मंत्री. अध्यक्ष दुर्गाबाई भागवत. तुरुंगवासात जयप्रकाश नारायणांची मूत्रपिंडे निकामी झाली होती, ते मुंबईत जसलोक रुग्णालयात होते. दुर्गाबाईंनी त्या मांडवात, मंत्र्यासमोर, जयप्रकाशांच्या प्रकृतीसाठी सगळ्यांना प्रार्थना करायला लावली. बापाला डांबलेल्या पोराच्या मनात त्या घटकेला काय काय होते ते मी सांगत नाही. शाप द्यायचा तर याहून मोठी संधी कोणाला मिळाली असती? बाईंनी एका माणसाचे आयुष्य मागितले. पुढे त्यांना तुरुंगात जावे लागले. अध्यक्षपद म्हणजे काय ते मी त्या दिवशी पाहिले, आणि आज त्या जागेवर उभा राहून माझे पाय थरथरत आहेत.

मार्च 1977 मध्ये रायबरेलीत इंदिरा गांधी पडल्या. वडील त्याआधीच घरी आले होते. आईने देव पाण्यातून काढले, जुन्या लुगड्याच्या मऊ फडक्याने पुसले, देव्हाऱ्यात बसवले आणि पुरण घातले.

मग 31 ऑक्टोबर 1984. रेडिओवर इंदिरा गांधींच्या हत्येची बातमी आली. संध्याकाळी गावातला एक माणूस, वडिलांबरोबर तुरुंगात असलेला, साखर घेऊन दारात आला. आईने त्याला उंबऱ्याच्या आत घेतले नाही. ती न्हाणीत गेली, डोक्यावरून पाणी घेतले, आणि त्या रात्री आमच्या घरात चूल पेटली नाही. माणूस दारातच उभा होता. आई एवढेच म्हणाली, "ह्या घरात सुतक हाय." पुढच्या काही दिवसांत दिल्लीत अडीच हजारांहून अधिक शीख मारले गेले. तो माणूस नंतर आमच्याकडे कधी साखर घेऊन आला नाही.

त्याच्याही आधीचे सांगतो, कारण ते या जिल्ह्यांच्या अंगावर आहे. गांधीजींची हत्या झाली तेव्हा पेढे वाटले गेले. त्यानंतर सातारा, सांगली, कोल्हापूर भागात ब्राह्मणांची जी घरे जळाली त्यांतल्या बहुतेकांचा त्या पेढ्यांशी काही संबंध नव्हता. कोल्हापुरात भालजी पेंढारकरांचा जयप्रभा स्टुडिओ जळाला. व्यंकटेश माडगूळकरांची 'वावटळ' याच दिवसांवर आहे, ती वाचा. सानेगुरुजींनी 21 दिवस उपवास केला. मरणाची इच्छा तोंडातून सुटली की ती कुठे जाऊन लागेल हे सोडणाऱ्याच्या हाती राहत नाही.

चापेकरांचे नाव घेऊन मला गप्प करू नका. मी त्यांच्यापुढे हात जोडतो. ज्यांना मत नव्हते, ज्यांच्या घरात प्लेगच्या नावाखाली सोजीर शिरत होते, त्यांचा हिशेब वेगळा, आणि तो त्यांनी फासावर चुकता केला. तरीही 22 जून 1897 च्या रात्री गणेशखिंडीच्या रस्त्यावर काय झाले ते पूर्ण वाचा. प्लेग अधिकारी रँडबरोबर आयर्स्ट नावाचा दुसरा अधिकारी चुकून गोळी लागून जागीच गेला. रँड 3 जुलैला गेला.

गावाकडे सावकाराने रान गिळलेली म्हातारी कडाकडा बोटे मोडते, 'मुडदा बशिवला तुझा' म्हणते. तिला मी काहीही शिकवणार नाही. तिच्याजवळ तळतळाटाशिवाय दुसरे काही ठेवलेलेच नाही. तुमच्याजवळ मत आहे, लेखणी आहे, मासिक आहे, मोर्चा आहे. तिची भाषा उसनी घेऊन स्वतःला पीडित म्हणवू नका.

आणि मृत्युलेखाबद्दल बोलायलाच हवे. मराठीने हा प्रकार किती वर नेला होता! संयुक्त महाराष्ट्रासाठी शंभराहून अधिक माणसे गेली. 'मराठा'तून अत्र्यांनी नेहरूंवर जो मारा केला त्याला तोड नाही. 30 नोव्हेंबर 1957 ला नेहरू प्रतापगडावर शिवाजी महाराजांच्या पुतळ्याच्या अनावरणाला आले तेव्हा वाईला आणि पसरणीच्या घाटात काळ्या झेंड्यांची रांग होती. काळे झेंडे, तिरडी नव्हे. आणि 27 मे 1964 ला नेहरू गेले तेव्हा त्याच अत्र्यांनी जे अग्रलेख लिहिले त्यांचे 'सूर्यास्त' हे पुस्तक झाले. आमच्या घरी त्याची कात्रणे पत्र्याच्या पेटीत होती. वडील ती मोठ्याने वाचत आणि वाचताना थांबत. आज आपल्या नियतकालिकांत मृत्युलेख लिहायला माणूस मिळत नाही. विरोधकावर तर कोणी लिहीतच नाही, कारण तसे लिहिणाऱ्याला चिठ्ठी येते. विद्यापीठांनी हा प्रकार अभ्यासक्रमात घ्यावा, ही माझी मागणी छापील भाषणात सातव्या पानावर आहे.

आपल्या संस्थेच्या गेल्या मोर्चात एका मंत्र्याची तिरडी होती. मडके धरलेला माणूस लेखक होता, आणि मंत्रिमहोदय घरी जिवंत होते. रस्त्याच्या कडेला त्यांची नात उभी होती, हे नंतर कळले. मला कोणी सांगेल का, यातून ग्रंथालयांचे किती अनुदान मिळाले? 1942 साली गवालिया टँकवर इंग्रजांनासुद्धा 'चले जाव' म्हटले गेले. जा म्हटले. मरा म्हटले नाही.

उद्या दुपारी तीन वाजता खुल्या अधिवेशनात मी ठराव मांडतो आहे. आपल्या संस्थेच्या कोणत्याही मोर्चात, सभेत, मुखपत्रात कोणत्याही नेत्याची तिरडी, दहावे किंवा 'मुर्दाबाद' असणार नाही, आणि जो आजारी आहे त्याच्या मरणाची वाट पाहणारा मजकूर लिहिणाऱ्या सदस्याला कार्यकारिणीवर जागा राहणार नाही. ठरावाला अनुमोदक मिळाला आहे. विरोध असेल त्यांनी चिठ्ठी पाठवू नये. समोर येऊन बोलावे, मी व्यासपीठावरच असेन.