मिनामाताचा गाळ



फुटलेल्या थर्मामीटरमधला पारा तुमच्यापैकी कितीतरी जणांनी लहानपणी तळहातावर खेळवला असेल. तो चिमटीत धरता येत नाही, हे तेव्हाच कळतं. तो नाहीसाही करता येत नाही, हे मला मिनामाताची हकीकत वाचून खऱ्या अर्थानं कळलं. पारा हे मूलद्रव्य आहे. जाळा, विरघळवा, पुरा. तो रूप बदलतो, संपत नाही.

मिनामाता हे जपानच्या क्यूशू बेटावरचं, शिरानुई समुद्राकाठचं गाव. तिथल्या चिस्सो कंपनीच्या कारखान्यात १९३२ ते १९६८ या काळात अ‍ॅसिटाल्डिहाइड तयार होत असे. त्यासाठी उत्प्रेरक म्हणून पाऱ्याचं संयुग वापरत. या प्रक्रियेतच थोडा मिथिल पारा तयार होई आणि तो सांडपाण्याबरोबर उपसागरात जाई. समुद्र अफाट आहे, त्यात काय ते विरून जाईल, अशी समजूत. पण पारा गाळाच्या बारीक कणांना चिकटून तळाशी बसतो. शिंपल्यांत, माशांत शिरतो. लहान मासा मोठ्याच्या पोटात जातो आणि दर पायरीला विषाचं प्रमाण वाढत जातं.

कोळ्यांच्या घरची मांजरं आधी झोकांड्या खाऊ लागली, गरगर फिरून मरू लागली. मग मुलं. १ मे १९५६ रोजी कारखान्याच्याच रुग्णालयाचे प्रमुख डॉ. होसोकावा हाजिमे यांनी मेंदूच्या अज्ञात आजाराची वर्दी आरोग्य कचेरीला दिली. हातपाय लुळे, बोलणं अडखळतं, नजर आकसलेली. आईला फारसा त्रास नाही आणि पोटातलं मूल मात्र जन्मतःच पंगू, असंही घडलं. मिथिल पारा वार ओलांडून गर्भापर्यंत पोचतो.

१९५८मध्ये कंपनीनं सांडपाण्याचं तोंड उपसागरातून मिनामाता नदीच्या मुखाकडे वळवलं. मग आजार नव्या गावांत दिसू लागला. माझ्या मते, संशय पाण्यावर आहे हे ठाऊक असताना पाणीच दुसरीकडे वळवणं, हा या साऱ्या प्रकरणातला सर्वांत मोठा अपराध. पुढच्याच वर्षी डॉ. होसोकावांनी ते सांडपाणी अन्नात मिसळून एका मांजराला दिलं. प्रयोगातलं हे ४०० क्रमांकाचं मांजर. तेही तसंच आजारी पडलं. कंपनीनं ही गोष्ट दडवली. डॉक्टरांनी ती १९७०मध्ये, मरणशय्येवरून, न्यायालयासाठी दिलेल्या साक्षीत सांगितली. सरकारनं कारण अधिकृतपणे मान्य केलं होतं १९६८मध्ये. त्या वर्षी कारखान्यातली ती प्रक्रियाच बंद झाली होती.

कारखान्यानं पारा सोडणं थांबवलं, पण गाळ तिथेच होता. १९७७ ते १९९० अशी तेरा वर्षं सुमारे १५ लाख घनमीटर गाळ उपसण्याचं आणि बंदिस्त करण्याचं काम चाललं. विषारी मासे बाहेर जाऊ नयेत म्हणून उपसागराच्या तोंडाशी लावलेलं जाळं १९९७मध्ये निघालं. आता विचारा, उपसलेला गाळ नेला कुठे? कुठेही नाही. उपसागराचाच एक भाग पोलादी भिंती उभारून बंदिस्त केला, त्यात तो भरला आणि वर स्वच्छ माती पसरली. पकडलेले विषारी मासेही ड्रमांत भरून तिथेच पुरले. अशी ५८ हेक्टर जमीन तयार झाली.

आज तिथे बाग आहे, गवत आहे. काठावर रोगग्रस्तांनी आणि त्यांच्या सोबत्यांनी स्वतः घडवलेल्या छोट्या दगडी मूर्ती मांडलेल्या आहेत. त्यांच्या पायाखाली तो गाळ आहे, पाऱ्यासकट.