मास्तरांचा दम

(आकाशवाणीवरून प्रसारित झालेल्या भाषणाचा संपादित भाग)

‘‘आता आपला दम संपला रे. ही लग्नसराई झाली की वाद्य पेटीत ठेवायचं,’’ असं म्हणत मास्तर माझ्या दुकानाच्या पायरीवर बसले. साठी उलटलेली, चाळीस वर्षं बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवलेला माणूस. वरचे स्वर कसेबसे निघायचे, खालचे निघतच नव्हते आणि जोर लावला की वाद्य चिरकायचं. बँडचा मालक तोंडाने काही बोलत नव्हता, पण वरातीत पुढे एका नव्या पोराला उभं करायला लागला होता. मास्तरांनी पत्त्या बदलून पाहिल्या, पहाटे उठून लांब स्वरांचा रियाज केला, शेवटी डॉक्टरकडे जाऊन छातीचा फोटोही काढून आले. छाती स्वच्छ निघाली.

मी वाद्याचा वरचा भाग सुटा केला. खालचं तोंड तळहाताने बंद केलं, भोकांवर बोटं ठेवली आणि तोंडाने हवा ओढली. पॅड नीट बसलेली असतील तर आतली हवा ओढली जाते, पुढे काही येत नाही आणि तोंड बाजूला घेताना ‘टप्’ असा आवाज येतो. इथे चाळणीतून यावी तशी हवा येत राहिली. म्हटलं, ‘‘मास्तर, फोटो तुमचा नाही, याचा काढायला हवा होता.’’

श्रोतेहो, क्लॅरिनेटची सगळी भोकं बोटांनी झाकता येत नाहीत. आज सर्रास वापरात असलेल्या बोएम पद्धतीच्या वाद्याला सतरा चाव्या असतात. चावीच्या टोकाला छोटी वाटी आणि त्या वाटीत ही पॅड नावाची गादी. पाठीला पुठ्ठा, त्यावर लोकरीचा दाबलेला नमदा आणि त्यावर ताणून बसवलेला पातळ पापुद्रा. धंद्यात त्याला ‘फिश स्किन’ म्हणतात, पण माशाचा त्यात काही संबंध नाही. तो गुरांच्या आतड्याचा पापुद्रा असतो. युरोपात सोन्याचा वर्ख ठोकणारे दोन पत्र्यांमध्ये हाच पापुद्रा घालत असत.

या गादीचा इतिहासही पाहण्यासारखा आहे. अठराव्या शतकातल्या क्लॅरिनेटला चामड्याचे सपाट तुकडे लावत. ते गळायचे, म्हणून चाव्याही मोजक्याच ठेवाव्या लागत. इव्हान म्युलर नावाच्या वादकाने १८१२ च्या सुमारास पॅरिसमध्ये लोकर भरलेल्या फुगीर गाद्यांचं, तेरा चाव्यांचं वाद्य पुढे आणलं. तिथल्या संगीत विद्यालयाच्या तज्ज्ञांनी ते नाकारलं. वादकांनी मात्र उचललं. गादी हवा धरायला लागली म्हणून चाव्या वाढवता आल्या, असंच मी म्हणेन.

आता चांगलं पॅड ओळखायचं कसं? हे मी नुकसान करून शिकलो. त्यातलं बरंचसं दुसऱ्याचं. सुरुवातीच्या काळात एका बँडच्या वाद्यांना मी मे महिन्यात घाऊक बाजारातली सगळ्यात स्वस्त पॅड बसवली. दिसायला सगळी सारखीच पांढरीशुभ्र. पावसाळा लागला, पापुद्रे फाटले, आतला नमदा ओल धरून फुगला आणि गणपतीच्या मिरवणुकीत तीन वाद्यं मुकी झाली. त्या मंडळींना सुपारीचे पैसे कापून मिळाले. पॅड मी फुकट बदलून दिली, पण कापलेले पैसे काही परत देऊ शकलो नाही.

तेव्हापासून पॅड हातात घेतलं की मी आधी ते काचेच्या तुकड्यावर पालथं ठेवून पाहतो. तोंड सपाट हवं, कड उचललेली नको. मग नखाने हलकं दाबायचं. घट्ट नमदा लगेच वर येतो, हलक्यात खड्डा तसाच राहतो. पापुद्रा दुहेरी असावा, तोंडावर एकही सुरकुती नसावी. पाठीचा पुठ्ठा बोटांनी वाकला तर ते पॅड परत करावं. भाव मी त्यानंतर विचारतो.

मापाच्या बाबतीत पाकिटावरच्या नावावर विसंबू नका. वरच्या भागातली पॅड साधारण नऊ ते बारा मिलिमीटरची, खालची चार मोठी सोळा-सतराची, पण कंपनीगणिक फरक पडतो. वाटीच आतून मोजावी. अर्ध्या मिलिमीटरने पॅड मोठं झालं तर ते मध्ये फुगतं, लहान झालं तर सरकतं. जाडी जास्त असेल तर चावीच्या बिजागरीकडची कड आधी टेकते आणि पुढची उघडीच राहते. चिकटवायला लाख उत्तम. आपल्याच देशातून ती जगभर जाते. गरम केली की पॅड पुन्हा हलवून सरळ करता येतं. झटपट चिकटणारा गोंद लावून वाद्य माझ्याकडे आणणाऱ्यांना मी अजून बोलतो.

बसवल्यावर सिगारेटच्या कागदाची अरुंद पट्टी पॅडखाली चारी बाजूंना घालून ओढावी. सगळीकडे सारखी अडली पाहिजे. चावी हलकी टेकू द्यायची. जोरात दाबलं तर कुठलंही पॅड बसल्यासारखं वाटतं.

कॉर्कची पॅडही मिळतात. वरच्या लहान भोकांशी थुंकीचं पाणी साचतं, तिथे ती फुगत नाहीत. मात्र भोकाची कड गुळगुळीत हवी, छोटासा टवकाही कॉर्क झाकून घेत नाही. चामड्याचं पॅड मऊ आणि टिकाऊ, सॅक्सोफोनला तेच असतं. कृत्रिम पॅडला पाणी लागत नाही. भर पावसात, रस्त्याच्या धुळीत वाजवणाऱ्याला मी वर कॉर्क आणि खाली दुहेरी पापुद्र्याचं किंवा कृत्रिम पॅड देतो. बंद सभागृहात वाजवणाऱ्याची गोष्ट वेगळी.

मास्तरांच्या वाद्याची गळती वर होती. खालचा स्वर निघत नाही म्हणून माणूस खालची पॅड तपासतो, पण वरून हवा निसटली की मार खालच्या स्वरालाच बसतो. आषाढ-श्रावणात लग्नं नसतात, पेटी बंद पडून राहते. तेवढ्यात कसर लागून वरच्या तीन पॅडचा नमदा खाल्ला गेला होता. पापुद्रा वरून शाबूत, म्हणून कुणाच्या लक्षात आलं नाही.

ती तीन बदलली, बाकीची तपासून दोन सरळ केली. मास्तरांनी पायरीवरच बसून सगळ्यात खालचा स्वर धरला. इतका मोठा आवाज निघाला की समोरचा शिंपी उठून बाहेर आला. वर्षभर गळकं वाद्य भरत राहिल्याने दुप्पट फुंकायची सवय लागली होती. ती सुटायला त्यांना पुढे दोन आठवडे लागले.